बकरीची गाठ

दोर म्हटला की तुम्हांला काय आठवतं? आमच्या कोरपन्याच्या पोरांना बैलाचा दोर आठवतो, विहिरीचा आठवतो, झोक्याचा आठवतो. पण दोर बांधून खडक चढायचा, आणि तेही वर बोरं-बिरं काही नसताना, हे आमच्याकडे कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत आमच्या भागातलाच एक तरुण गिर्यारोहण शिकून गावी आला. चार रविवार सकाळी गावाबाहेरच्या टेकडीवर तो लहान मुलांना खडक चढायला शिकवणार होता. फी नाही. दोर, हेल्मेट, कमरेचा पट्टा, सगळं त्याचंच. अट एकच. घरचं एक मोठं माणूस सोबत हवं.

माझी भाची छकुली आठ वर्षांची. ती लगेच तयार! पण तिची आई, म्हणजे माझी ताई, म्हणाली, "फुकट कसं गा, भाऊ? कापूस येचाचे दिवस आहेत. मी वावरात गेली तं लहान्याला कोन पाहीन? तोच तं छकुलीजवळ राहते."

ताईचं चूक नव्हतं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. एक सकाळ बुडाली की तेवढे पैसे बुडाले. शेवटी तोडगा निघाला. मोठं माणूस म्हणून मी जायचं, आणि दीड वर्षाच्या लहान्यालाही मीच कडेवर घ्यायचं. शिकवणी फुकट होती, माझी कंबर मात्र फुकट नव्हती.

खडक फार उंच नव्हता. वीसेक फूट असेल. सरांनी वर जाऊन दोर आधी मोहाच्या बुंध्याला बांधला, मग शेजारच्या दुसऱ्या झाडालाही. "एकावर कधी विसंबायचं नाही," ते म्हणाले. दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या पट्ट्याला, दुसरं खाली सरांच्या पट्ट्याला. मूल वर सरकलं की सर ढिला झालेला दोर ओढून घेत. पाय निसटलाच तर मूल पडत नाही, जागेवर लोंबकळतं. पहिल्या दिवशी पोरं मुद्दाम हात सोडून लोंबकळत होती, एवढी मजा!

आणि एक नियम. दोन हात, दोन पाय, असे चार टेकू. त्यातले तीन कायम खडकावर हवेत, एकच हलवायचा. जोर लावायचा तो पायांनी. हातांनी ओढत गेलं तर हात लवकर थकतात.

छकुली अर्ध्यावर गेली आणि थिजली. वर जाईना, खाली येईना. पाय लटपटायला लागले. खालून सगळी पोट्टी ओरडू लागली, "चढ, चढ!" त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता, हे कबूल करतो. सरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "काका, थोडं थांबा." मग वर पाहून म्हणाले, "छकुली, उतरायचं असेल तर सांग. मी धरलंय." ती म्हणाली, "उतरवा." आणि खाली येऊन ढसाढसा रडली.

नंतर सावलीत मुरमुरे खाताना सरांनी गोष्ट सांगितली. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली दहा आदिवासी मुलं-मुली २०१८ साली एव्हरेस्टला गेली होती. मोहिमेचं नाव 'मिशन शौर्य'. खर्च सरकारचा. जिवती तर आमच्या शेजारचा तालुका, तिथल्या शाळेतलीही मुलं त्यांत होती. आधी दार्जिलिंगला, लडाखला सराव झाला. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण मे महिन्यात शिखरावर पोचले. "आणि बाकीचे पाच?" छकुलीने नाक पुसत विचारलं. "ते मधून परत आले," सर म्हणाले. "तेही तितकेच शिकले होते." छकुलीने मुरमुऱ्यांचा हात तसाच ठेवून हे ऐकलं.

घरी ताईला रडण्याची बातमी आमच्या आधीच पोचली होती. "रडली ना? मंग झालं. आता नाही जाचं." मी गप्प बसलो. काय बोलणार?

पण सरांनी सगळ्यांना आठाची गाठ शिकवली होती. दोराचा आठ करायचा, आणि टोक पुन्हा त्याच वाटेने परत फिरवायचं. पट्ट्याला दोर बांधतात तो याच गाठीने. छकुलीला सराव करायला दोर कुठला? तिने बकरीचा घेतला. आमची ही बकरी म्हणजे पक्की चोर. कोणतीही गाठ ओढून ओढून सैल करते आणि शेजारच्या पऱ्हाटीत घुसते. त्यावरून दोनदा भांडण झालेलं! त्या रात्री ती खुंट्याला ओढत राहिली, पण गाठ हलली नाही. सकाळी ताईला वाटलं, आता ही सुटते कशाची? छकुलीने गाठ दोन्हीकडून दाबून मागेपुढे वाकवली आणि मोकळी केली.

ताईने ती गाठ तीनदा बांधायला लावली. चौथ्यांदा स्वतः बांधली. मग म्हणाली, "रविवारी मीच येतो. पाहू तं खरं, अजून काय शिकवते तुमचा सर."

दुसऱ्या रविवारी ताई वेचणी सोडून आली. छकुली त्याच जागी पुन्हा थांबली. या वेळी कोणी ओरडलं नाही. तिने डावा पाय काढला, चाचपला, परत ठेवला. मग उजवा. बराच वेळ गेला. लहान्या माझ्या खांद्यावर झोपून गेला. आणि अचानक वरून आवाज आला, "आई, इथून आपलं वावर दिसते!"

ताईने डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "बकरी कुठं आहे, ते पाय!" ती ओरडली.

नंतर सरांनी मला विचारलं, "काका, तुम्ही?" सगळ्या पोरांसमोर नाही कसं म्हणणार? ताईने लहान्याला घेतलं, सरांनी माझी गाठ तपासली. सहा फुटांवर माझे गुडघे शिवणयंत्रासारखे थडथडू लागले. खाली पाहिलं तर छकुली कमरेवर हात ठेवून उभी.

"मामा," ती म्हणाली, "उतराचं असन तं सांग. सरांनी धरलं आहे."