जुना चोपडा जपून ठेवावा

पेढीवर नवा चोपडा सुरू झाला म्हणून जुना त्याच दिवशी कोणी टाकून देत नाही. शिल्लक पुढे ओढून बेरजा जुळेपर्यंत तो गादीजवळच असतो. बँकेच्या युनिक्स सर्व्हरवरही हाच नियम पाळावा लागतो.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला. तिच्यातील फाइल सिस्टिम म्हणजे कोणती नोंद डिस्कवर कोठे आहे हे सांगणारी खतावणीच. पुष्कळ फाइल सिस्टिम आपली कीर्दही राखतात. तिला जर्नल म्हणतात. बदल आधी कीर्दीत, मग खतावणीत. मध्येच वीज गेली, तर कीर्द पाहून खतावणी सुसंगत करता येते. माणसाच्या उतावीळपणावर मात्र त्या कीर्दीचा इलाज नाही.

एका बँकेत रविवारी रात्री ही खतावणी नव्याने मांडायची होती. तरुण अधिकाऱ्याने संपूर्ण बॅकअप घेतला. तेवढ्यावर न थांबता, तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून खात्यांच्या बेरजा ताडून पाहिल्या. कोणती डिस्क कोठे जोडली आहे, याची यादी कागदावर छापून घेतली. मग फाइल सिस्टिम विलग करण्याची आज्ञा दिली. यंत्राने नकार दिला : ती वापरात आहे.

जबरदस्तीने विलग करण्याचीही सोय होती. सकाळी शाखा उघडणार होत्या. त्याचा हात क्षणभर थांबला. 'फ्यूजर' या आज्ञेने शोध घेताच, व्याजाची आकारणी करणारा एक प्रोग्राम अजून नोंदी लिहीत असल्याचे दिसले. लिहित्या हाताखालून चोपडा ओढला, तर अर्धी नोंद कोणाच्या खात्यात राहिली असती? आकारणी पुरी होईपर्यंत तो पाऊण तास स्वस्थ बसला. पुढील प्रत्येक आज्ञा त्याने आधी वाचली, मग दिली.

आपल्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती सांगितली आहे : वस्तू उचलताना आणि ठेवताना नीट पाहावे. 'निक्षेप' या शब्दाचा एक अर्थ ठेव असाही आहे. दुसऱ्याची ठेव हलवणाऱ्याला ही यतना अधिकच लागू होते.

पहाटे सर्व शिल्लका जुळल्या. तरीही जुन्या डिस्कवरील मजकूर त्याने पुढील महिनाअखेरीचा ताळा जुळेपर्यंत पुसला नाही.