वाळवणाआधीचे आधण

आमच्या शेलूकडे हळद पिकात मोडत नाही. भात आणि भातामागून वाल, ही आमची पिके. हळद आपली परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढते. पावसाळ्यात तिची पाने पातोळ्यांना उपयोगी पडतात आणि माघात पाने पिवळी पडून आडवी झाली की कुदळ घालून कंद काढायचे, एवढीच तिची शेती. पंधरा-वीस किलो ओली निघते. वाळून ती चार किलोच्या आसपास भरते. घराला वर्षभर पुरून माहेरवाशिणीच्या पिशवीत घालायलाही उरते.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा सासूबाई परसात तीन दगडांची चूल मांडून मोठ्या पातेल्यात हळद उकडत. जी वस्तू वाळवायचीच आहे तिला आधी पाण्यात शिजवायची कशाला, हे मला कळेना. एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, "अगं, न उकडता वाळवलीस तर ती जिती राहते." एवढे बोलून त्यांनी चुलीत लाकूड सारले. माझ्या मते या एका वाक्यात सगळे शास्त्र आले.

कंद खणला, मुळी तोडली, तरी वनस्पती लगेच मरत नाही. तिच्यातली विकरे, ज्यांना एंझाइम म्हणतात, आपले काम करीतच राहतात. चिरलेले वांगे ताटात ठेवल्या ठेवल्या काळे पडते ते त्यांच्यामुळेच. वांगे घटकाभरात फोडणीला पडते म्हणून निभावते. पण कंदमुळे वाळायला आठ-दहा दिवस लागतात. तेवढे दिवस आत हा उद्योग चालू राहिला तर रंग उतरतो, वास बदलतो, गुणही कमी होतो. उकळत्या पाण्याचा चटका बसला की विकरे निकामी होतात आणि मग वस्तू आहे त्या रूपात वाळते. चहाचेच पाहा. जपानात चहाची कोवळी पाने तोडल्यावर लगेच वाफवतात, म्हणून तो चहा हिरवा राहतो. आपण पितो त्या चहाची पाने चुरगळून विकरांना मुद्दाम काम करू देतात, म्हणून तो काळा होतो. झाड तेच, फरक फक्त चटका कधी दिला याचा.

हळदीत आणखी एक गोष्ट घडते. तिच्यातला पिठाचा अंश उष्णतेने फुगून चिकट होतो, डोळे मरतात आणि पिवळा रंग कंदभर सारखा पसरतो. तळकोकणात उकडा तांदूळ करताना भाताच्या दाण्यात होते तसेच हे. जेठे गड्डे आणि हळकुंडे मात्र वेगवेगळी उकडावीत, कारण थोराड गड्ड्यांना वेळ जास्त लागतो. पाऊण ते एक तासात पाण्यावर फेस येतो, हळदीचा वास शेजारच्या अंगणापर्यंत जातो आणि खराट्याची काडी कंदात विनासायास शिरते. तेव्हा उतरवायची. कमी शिजली तर हळकुंड ठिसूळ होते आणि त्याला कीड लागते. जास्त शिजली तर रंग मळतो. पूर्वी काही ठिकाणी उकडताना पाण्यात शेण कालवत. ते आता कोणी करू नये. सांगलीकडे, जिथल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे काम मोठाल्या काहिलींत चाले. आता बरेच शेतकरी वाफेच्या कुकरवर हळद शिजवतात. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवीत, तीही अशीच शिजवून वाळवलेली. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवे गेली.

हळद घरच्यापुरती असल्याने तिचे भले-बुरे घरातच जिरते. शतावरीचे तसे नाही. थोरल्या जाऊबाईंनी बांधाच्या कडेने शतावरी लावली. मुलगी नर्सिंगला गेलेली, फीचा हप्ता त्या मुळ्यांतून निघेल असा हिशेब होता. पहिल्या काढणीला मुळ्या धुऊन सालीसकट उन्हात टाकल्या. वरून वाळल्यासारख्या दिसल्या. व्यापाऱ्याने एक मुळी मधोमध मोडली तर आत तपकिरी, आणि मधल्या दोऱ्याभोवती बुरशी. भाव निम्म्यावर आला. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. कानातली फुले मात्र त्या महिन्यात दिसली नाहीत.

उपाय सांगितला तो आमच्याकडे वाल काढायला येणाऱ्या कातकरी वाडीवरच्या म्हातारीने. शतावरी त्यांच्या ओळखीची, रानातली. पाण्याला खळखळून उकळी आली की धुतलेल्या मुळ्या त्यात सोडायच्या आणि समोरून हलायचे नाही. काही मिनिटांत साल सैल होते. मुळ्या काढून गार पाण्यात टाकल्या की साल हाताने सोलवटते, मग मुळीला उभी चीर देऊन मधली शीर ओढून काढायची. उरतो तो पांढुरका, थोडा पारदर्शक गर. शीर गेल्यामुळे तो आतपर्यंत वाळतो आणि बुरशीला जागा राहत नाही.

जाऊबाईंचा स्वभाव नेटाचा. पाच मिनिटांनी इतका फरक पडतो तर अर्धा तास ठेवू, असे त्यांनी म्हणताच म्हातारीने त्यांचा हात धरला. "जास्त नको उकडू बाय, साल सुटली का काढ." ती बरोबर होती. हळदीतले पिवळे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, म्हणून हळद तासभर उकळत्या पाण्यात राहिली तरी तिचे मोठे नुकसान होत नाही. शतावरीतली सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्ये पाण्यात उतरतात, आणि शतावरीचे मोल बरेचसे त्यांच्यावर आहे. जास्त वेळ उकळले तर गुण पातेल्यात आणि चोथा पोत्यात, अशी गत.

आवळ्याचे काम सोपे. पाच-सात मिनिटे आधणात ठेवले की फोडी रेषेवर आपोआप उकलतात. बी काढून वाळवल्या की आवळकाठी कमी काळवंडते.

आता जे सांगायचे ते जरा रागाने सांगते. मध्यंतरी एका प्रशिक्षणात आम्हा बायकांना सांगण्यात आले की औषधी माल कोणताही असो, वाळवण्याआधी गरम पाण्यातून काढावा. भगिनींनो, हे ऐकू नका. तुळस, गवती चहा, पुदिना यांचा जीव त्यांच्या सुवासिक तेलात. आधणात घातले की ते वाफेबरोबर उडून जाते. ती पाने सावलीत, वाऱ्यावरच वाळवावीत. आले हळदीच्या कुळातले, पण सुंठ करताना ते उकडत नाहीत. साल खरवडून उन्हात टाकतात, कारण सुंठेला भाव तिच्या वासाचा आणि तिखटपणाचा. गुळवेलीचे तुकडे तसेच वाळवतात. गुळवेलीचे सत्त्व काढायचे तर गरम पाणी तिच्या जवळपासही नको. कांडी ठेचून गार पाण्यात रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून ठेवले की तळाशी पांढरा साका बसतो. तो पिठाचाच प्रकार असतो. पाणी तापले तर त्याची खळ होईल, तळाशी काहीच बसणार नाही.

आधणातून काढलेला माल ओला, मऊ आणि सोललेला असतो. तो लगेच वाळला नाही तर न उकडलेल्या मालापेक्षा लवकर नासतो. म्हणून ऊन पाहूनच चूल पेटवावी. उल्हास नदीमुळे आमच्याकडे माघातही पहाटे दव पडते, तेव्हा संध्याकाळी वाळवण उचलून आत घ्यायचे किंवा ताडपत्रीने झाकायचे. पातळ पसरावे, दिवसातून दोनदा खालीवर करावे. शेलू स्टेशनच्या अंगाला आता इमारती उठल्या आहेत, धूळ फार. त्यामुळे आम्ही शतावरी पत्र्यावर उघडी न टाकता जुन्या सुती लुगड्याच्या दोन पदरांत वाळवतो.

यंदा जाऊबाईंनी तीन दिवस फक्त सोलण्यात घातले. आम्ही सगळ्या बसलो होतो, म्हातारीही होती, तिची मजुरी रोजच्या रोज दिली. माल थोडाच झाला, पण मुळी मोडली की काडकन आवाज येतो. फीचा पुढचा हप्ता चैत्रात आहे. व्यापारी बुधवारी येतो म्हणाला आहे. त्याने मागायच्या आत आपणच एक मुळी त्याच्यासमोर मोडून दाखवायची, असे जाऊबाईंनी ठरवून ठेवले आहे.