कुल्लूची टोपी

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, दुकानातील गर्दी ओसरते आणि नाताळच्या सुट्टीत मुलांच्या शाळा बंद होतात, तेव्हा पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडील अनेक व्यापारी कुटुंबांची पावले हिमाचलाकडे वळतात. मंडी मागे पडते, बियास नदीची सोबत सुरू होते आणि भुंतरला पार्वती नदी येऊन तिला मिळते. येथून पुढे प्रवाशाचे लक्ष डोंगरांवरून हळूहळू माणसांच्या डोक्यांकडे जाऊ लागते. बसचा वाहक, सफरचंदाच्या बागेचा मालक, देवळाचा पुजारी, चहाची टपरी चालविणारा म्हातारा, साऱ्यांच्या मस्तकी एकाच घडणीची टोपी असते. ती गोल, माथ्यावर सपाट आणि कपाळावर रंगीत विणीची पट्टी असलेली असते. स्त्रिया डोक्याला धाटू बांधतात. टोपी मुख्यतः पुरुषांची, तरी हौसेने ती आता मुलीही घालतात.

मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे फसविणे. कुल्लूत मात्र टोपी घालणे म्हणजे मान देणे. लग्नात व्याह्याला, सभेत पाहुण्याला, गावात आलेल्या अधिकाऱ्याला टोपी घालूनच सन्मानित केले जाते. आपल्याकडील शाल-श्रीफळाचे जे स्थान, तेच तेथे शाल-टोपीचे. विजयादशमीला इतरत्र उत्सव संपतो, तर कुल्लूचा दसरा त्या दिवशी सुरू होऊन ढालपूरच्या मैदानावर सात दिवस चालतो. त्या गर्दीत उंचावर उभे राहून पाहिले तर खाली टोप्यांचेच रंगीबेरंगी शेत पसरलेले दिसते.

टोपीवरून माणसाचा मुलूखही कळतो. कुल्लूच्या टोपीची समोरची पट्टी भौमितिक नक्षीची असते. सतलजच्या खोऱ्यातील बुशहरी आणि किन्नौरी टोपीला मखमलीची पट्टी असते, बहुधा हिरवी. या रंगांना राजकारणानेही सोडले नाही. बुशहरच्या राजघराण्यातील वीरभद्र सिंह यांच्यामुळे हिरवी टोपी काँग्रेसची ठरली, तर प्रेमकुमार धूमल यांच्यामुळे तांबडी भाजपची. कित्येक वर्षे टोपीच्या रंगावरून माणसाचा पक्ष ओळखला जात असे. बाहेरून आलेल्या प्रवाशाने या हिशेबात पडण्याचे कारण नाही. त्याने रंग आपल्या आवडीने घ्यावा आणि कापड मात्र नीट पाहून घ्यावे.

या कापडामागे जी अर्थव्यवस्था आहे, ती व्यापारी मनाला विशेष भावणारी आहे. टोपीचे अंग ज्या जाड लोकरी कापडाचे असते त्याला पट्टी म्हणतात. पूर्वी ही लोकर घरच्या किंवा गद्दी मेंढपाळांच्या मेंढ्यांची असे. गद्दी लोक उन्हाळ्यात कळप घेऊन लाहौलसारख्या उंच कुरणांकडे जातात आणि हिवाळ्यात शिवालिकच्या पायथ्याशी उतरतात. कातरलेली लोकर घरी धुवायची, पिंजायची, चातीवर कातायची आणि मागावर विणायची. विणलेले कापड कोमट पाण्यात पायांनी तुडवतात. त्यामुळे धागे एकमेकांत घट्ट बसतात, कापड आक्रसते आणि वारा सहजासहजी आत शिरत नाही. हातात घेतल्यावर जे कापड जरा राठ पण भरीव लागते, ज्यातून उजेडाकडे पाहिले असता छिद्रे दिसत नाहीत, ते या तुडवणीचेच फळ होय.

पट्टीवरची नक्षी मात्र मूळची कुल्लूची नाही. कुल्लूचे जुने विणकाम साधे असे. गेल्या शतकात, 1940 च्या सुमारास, बुशहरकडचे विणकर या खोऱ्यात आले आणि त्यांच्यासोबत ती रंगीत भौमितिक वीण आली. त्या बुशहरात, रामपूर येथे, दर नोव्हेंबरात लवीचा मेळा भरतो. तिबेटशी होणाऱ्या व्यापारातून वाढलेला हा बाजार. तेथे लोकर, पश्म, घोडे, मीठ आणि सुकामेवा यांची देवघेव चाले. 1962 नंतर सीमा बंद झाली, तिबेटी माल येईनासा झाला, तरी मेळा टिकून राहिला. मालाची वाट बंद होते तेव्हा बाजारपेठ कोणत्या बळावर उभी राहते, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुकान सांभाळले त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

कुल्लूच्या विणकरांना बळ मिळाले ते सहकारातून. भुट्टी नावाच्या लहान गावातील मोजक्या विणकरांनी 1944 मध्ये सहकारी संस्था काढली. पहिली वर्षे कष्टाची गेली. ठाकूर वेदराम यांनी 1956 मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर ती सावरली. आज भुंतरजवळ शमशी येथे या संस्थेची वसाहत आहे. तेथे माग चालताना पाहता येतात आणि किमतीही लावलेल्या असतात. घासाघीस करण्याची सवय असलेल्या ग्राहकाला तेथे थोडे चुकल्यासारखे वाटते. पण ती ठरलेली किंमत एकदा नीट वाचावी. हातमागावर नक्षीचा एकेक धागा बोटांनी उचलून भरावा लागतो. यंत्रमागावरील नक्कल दिसायला सारखी असते आणि रस्त्यावर तिच्या कितीतरी पट कमी भावात मिळते. त्या भावाला माल विकणे हातमागाच्या विणकराला शक्य नाही. म्हणून त्याची मुले माग सोडून पर्यटकांच्या टॅक्सीकडे वळतात. 2006 पासून हातमागाच्या मालाला शासनाची ‘हँडलूम मार्क’ ही खूण मिळते. कुल्लूच्या शालीला भौगोलिक मानांकनही आहे. पट्टी उलटी करून पाहिली तर मागच्या बाजूला नक्षीचे धागे हाताने फिरविल्याच्या खुणा दिसतात. छापील किंवा चिकटविलेल्या पट्टीला ही उलटी बाजू नसते.

इतकी देखणी वस्तू असूनही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कुल्लूची टोपी कान झाकत नाही. कुल्लू शहर सुमारे 1,200 मीटर उंचीवर आहे; तेथील हिवाळी उन्हात ती पुरते. मनालीत, 2,000 मीटरवर, संध्याकाळी ती अपुरी पडू लागते. आणि 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुल्या झालेल्या 9.02 किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलात गाडी बाहेर पडली, की तीन हजार मीटरवरचा तो कोरडा वारा प्रथम कानांनाच भेटतो. सत्तरीचे आजोबा नव्या टोपीत छायाचित्रासाठी गाडीतून उतरतात आणि पाच मिनिटांत कानांवर हात ठेवून परत येतात, हे दृश्य तेथे नित्याचे आहे.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असे बरेचदा सांगितले जाते; ते खरे नाही. डोके हा शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक दशांश भाग, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. मात्र बाकीचे अंग कोट, मोजे, हातमोज्यांत असते आणि डोके तेवढे उघडे राहते. त्यातही कान म्हणजे पातळ कूर्चा आणि कातडी. चरबीचे अस्तर तेथे जवळजवळ नसते. तेव्हा बोगद्यापलीकडे जाणाऱ्याने मानाची टोपी पिशवीत ठेवावी आणि सुयांवर विणलेली कानटोपी घालावी. लाहौलच्या स्त्रिया विणकामात मोठ्या निष्णात. त्यांच्या हातविणीच्या मोज्यांना व हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मनालीच्या बाजारात अशा हातांच्या टोप्या मिळतात, पण त्यांच्याच शेजारी कारखान्यातील ॲक्रिलिकच्या टोप्यांचे ढीग असतात आणि दोहोंवर ‘शुद्ध लोकर’ असेच लिहिलेले असते.

लोकरीच्या केसाला अंगची कुरळी वळणे असतात. त्या वळणांत हवा अडकून राहते आणि तीच ऊब धरते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेऊनही ओली लागत नाही. चढ चढताना घाम आला आणि मग थांबले की डोके गारठते, ते ॲक्रिलिकमध्ये अधिक. ओळखण्याचा जुना उपाय घरी करण्याजोगा आहे: टोपीच्या आतील एक सुटा धागा काढून ज्योतीजवळ धरावा. लोकर सावकाश जळते, ज्योत दूर नेली की विझते, केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा कडक काळा मणी होतो. दुकानात हे करता येत नाही, म्हणून तेथे लेबल वाचावे. 1964 पासून प्रचारात असलेली वूलमार्कची खूण असेल तर उत्तमच.

विणीची पारख हाताने होते. काठाची वीण एक सुलट, एक उलट अशी असावी. ती ताणून सोडली की लगेच मूळ रूपात यावी. काठ कानांवर दुहेरी दुमडता येईल इतका लांब हवा. माथ्याशी टाके कमी करीत गोल मिटवलेले असावेत. नुसती पिशवी शिवून दोरीने आवळलेली टोपी महिन्याभरात तेथेच उसवते. माप कानांच्या वरून, कपाळाभोवती घ्यावे आणि टोपी किंचित घट्टच निवडावी, कारण लोकर वापराने सैल होते. ज्यांना लोकर टोचते त्यांनी आतून सुती पट्टी लावून घ्यावी. केसाची जाडी 30 मायक्रॉनच्या पुढे गेली की तो त्वचेला बोचतो, आणि डोंगरी मेंढीची लोकर बरीचशी त्या वर्गातली असते. मऊपणा हवा तर मेरिनो.

परंतु मऊपणाच्या मागे लागताना जैन कुटुंबाला आणखी काही विचारावे लागते. लोकर आपल्या परंपरेला परकी नाही. श्वेतांबर साधू-साध्वींचा ओघा लोकरीचाच असतो. कातरणीने मेंढी मरत नाही. तरी ऑस्ट्रेलियातील मेरिनोच्या बाबतीत, माश्यांच्या अळ्यांपासून बचाव म्हणून मेंढीच्या शेपटीजवळची कातडी कापून काढण्याची ‘म्यूल्सिंग’ ही पद्धत आहे. न्यूझीलंडने ती 2018 मध्ये बंद केली. म्यूल्सिंगविरहित लोकरीवर तसा उल्लेख आता आढळतो. अंगोरा सशांचे केस कातरूनही काढता येतात. पण परदेशात ते जिवंत सशाच्या अंगावरून उपटले जात असल्याचे 2013 मध्ये उघड झाले आणि अनेक मोठ्या दुकानांनी तो माल घेणे थांबविले. काश्मीरकडील कराकुली टोपी तर लोकरीची नव्हेच. ती नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या कातड्याची असते. काही तिबेटी धाटणीच्या टोप्यांच्या काठाला खरी फर असते. दुकानदाराला विचारण्यात संकोच नसावा. हिमालयातील मेंढपाळांच्या लोकरीत म्यूल्सिंगचा दोष नाही, पण कळपातील म्हातारी मेंढी अखेर कोठे जाते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्या विवेकाने द्यायचे आहे. ज्यांना तेही नको त्यांनी सुती टोपी आत आणि वाऱ्याला अडवणारी टोपी बाहेर असा दुहेरी उपाय करावा. तो कमी देखणा असला तरी निरुपयोगी नाही.

घरी आल्यावर टोपी कोमट नव्हे, गार पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवावी, पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावी आणि सावलीत सपाट पसरून वाळवावी. कसर लागते ती बहुधा घाम आणि तेल मुरलेल्या कपड्याला. धुऊन, ऊन दाखवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेल्या टोपीत कीड येण्याचे कारणच उरत नाही, आणि डांबराच्या गोळ्यांनी तिला मारण्याची वेळही येत नाही. कडुनिंबाची वाळलेली पाने त्या डब्यात घालावीत. कुल्लूहून आणलेली देवदाराची चार ढलपी असतील, तर ती पानांसोबत ठेवावीत. पुढच्या मार्गशीर्षात डबा उघडला की त्या लाकडाचा वास टोपीला लागलेला असतो.