बेसचा वाडा, डेबोचं दुकान

ड्यूक ऑफ डेव्हनशर राहतात डर्बीशरमध्ये. इंग्रज सरदारांच्या पदव्यांनी भूगोलाचं बंधन पाळलंच पाहिजे असं नाही, एवढं मान्य केलं की शेफील्डहून निघालेली बस बरोबर ठिकाणी नेते. डरवेंट नदी, काठाला चरणाऱ्या मेंढ्या आणि पलीकडे चॅट्सवर्थ. खिडक्यांच्या चौकटींना सोन्याचा मुलामा. ऊन पडलं की लांबूनही डोळे दिपतात.

हे सारं ड्यूकांनी कमावलं असेल असं वाटतं. पाया घातला एका बाईनं. बेस ऑफ हार्डविक ही बेताच्या जमीनदाराची लेक. चार लग्नं केली, चारही नवऱ्यांच्या मागे उरली, आणि बघता बघता इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत बायकांत जाऊन बसली. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश. आठव्या हेन्रीनं ख्रिस्ती मठ मोडीत काढले, त्या कामावरच्या अधिकाऱ्यांपैकी एक. साहजिकच त्याचं उखळ पांढरं झालं होतं. बेसनं त्याला इतरत्रच्या जमिनी विकायला लावून आपल्या माहेरच्या मुलुखात आणलं. १५४९ साली ६०० पौंडांना चॅट्सवर्थ घेतलं. चौथा नवरा, अर्ल ऑफ श्रूजबरी, याच्यावर स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिच्या पहाऱ्याची जबाबदारी आली. ती राजबंदी अनेकदा इथे मुक्कामाला असे. खर्च मोठा, सरकारकडून मिळणारे पैसे अपुरे. नवरा-बायकोत पुढे जी बेबनावाची ठिणगी पडली ती विझलीच नाही.

ड्यूकपद १६९४ चं. दुसऱ्या जेम्सविरुद्ध हॉलंडच्या विल्यमला बोलावणं धाडणाऱ्या सात जणांत एक कॅव्हेंडिश होता, त्याचं हे बक्षीस. आजचा महालही बराचसा त्यानंच बांधला. आत चित्रं आणि पुतळे इतके की मन भरण्याआधी पाय दुखतात. पण संगीत दालनातलं एक दार चुकवू नका. अर्धवट उघड्या दारातून आतल्या दारावर व्हायोलिन टांगलेलं दिसतं. खुंटी, तारा, सावली, सगळं चोख. ते नुसतं रंगवलेलं आहे.

बागेत मात्र मी जास्त रमलो. अविवाहित सहाव्या ड्यूकनं १८२६ साली जोसेफ पॅक्स्टन नावाच्या बावीस वर्षांच्या पोराला मुख्य माळी नेमलं. त्यानं इथे काचेचं प्रचंड उष्णगृह बांधलं, पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेसही. रशियाचा झार येणार म्हणून १८४४ मध्ये पंपाशिवाय, केवळ टेकडीवरच्या तळ्याच्या दाबानं उडणारं कारंजं केलं. झार आलाच नाही. पॅक्स्टननं वाढवलेल्या एका केळीला १८३५ साली फूल आलं. मॉरिशसमार्गे आलेलं ते मूळचं चिनी वाण. धन्याच्या घराण्यावरून तिला कॅव्हेंडिश म्हणू लागले. आपल्या रावेर-यावलच्या बागांतली बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या. जळगावकरांनी तरी इथे जरा ताठ मानेनं हिंडावं! ते उष्णगृह पहिल्या महायुद्धात कोळशाअभावी गारठलं, झाडं मेली आणि १९२० मध्ये ते पाडलं. पायाच्या भिंती तेवढ्या उरल्यात.

खरा घाव १९५० चा. वारसाकर चुकवण्यासाठी दहाव्या ड्यूकनं इस्टेट आधीच दुसऱ्यांच्या नावे केली होती. कायद्यानं त्यानंतर पाच वर्षं जगणं भाग होतं. थोडे महिने कमी पडले. कर बसला ८० टक्के. थोरला मुलगा १९४४ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेलेला; केनेडींची बहीण कॅथलीन हिच्याशी लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते. धाकटा अँड्र्यू ड्यूक झाला. हजारो एकर जमीन गेली, रेम्ब्रांट आणि होल्बाइन गेले, बेसचा हार्डविकचा वाडाही गेला.

सावरलं ते अँड्र्यूच्या बायकोनं. डेबोरा मिटफर्ड, घरच्यांची डेबो. तिला कोंबड्यांचं वेड. १९७७ साली तिनं इस्टेटीवरच्या मांसाचं दुकान काढलं. डचेसनं दुकान थाटावं, यात तिला काही कमीपणा वाटला नाही. मला ती साऱ्या ड्यूकांपेक्षा शहाणी वाटते. १९८१ मध्ये महाल धर्मादाय ट्रस्टकडे गेला; कुटुंब आता ट्रस्टला भाडं देऊन तिथे राहतं.

तिकीट स्वस्त नाही, तरी काढा. आणि एक दिवस हार्डविकसाठी राखून ठेवा. बेसनं म्हातारपणी बांधलेल्या त्या वाड्याच्या मनोऱ्यांवर तिच्या नावाची दगडी आद्याक्षरं आहेत. मालक १९५९ पासून नॅशनल ट्रस्ट आहे.