अम्मी बसमधून उतरली नाही

उमरा आटोपून आमचा गट जॉर्डनला आला, तेव्हा अम्मीने अम्मानमध्येच बजावले होते, "मृत समुद्रावर तुम्ही जा. मी बसमधून उतरणार नाही." अम्मी हर्णैची, समुद्राची गाज ऐकत वाढलेली. पाण्याची तिला भीती नव्हती. हेच पाणी तिला नको होते.

अम्मान डोंगरांवर वसले आहे. तेथून रस्ता उतरू लागतो तो उतरतच राहतो. वाटेत समुद्रसपाटीची खूण लागते. आपल्याकडे तेवढे उतरले की समोर लाटा दिसतात. येथे अजून चारशे मीटरहून अधिक उतरायचे असते. कानांत दडे बसले. अम्मानला झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली हवेच्या वाढत्या दाबाने आपोआप चेपली, त्याची मुलाला मोठी गंमत वाटली.

या समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली आहे. जमिनीवर याहून खोल उघडी जागा पृथ्वीवर नाही. अरबस्तानचा भूखंड शेजारच्या भूखंडाला घासत उत्तरेकडे सरकतो, त्या भेगेत जमीन खचून हा खळगा झाला. जॉर्डन नदी त्यात येते, पण पाण्याला बाहेर वाट नाही. ऊन पाणी उडवून नेते आणि मीठ मागे राहते. साध्या समुद्रात शंभर भागांत साडेतीन भाग क्षार असतात, येथे चौतीसच्या आसपास. मासा जगत नाही, माणूस तरंगतो. मुलगा आणि त्याचे अब्बा उताणे पडून हसत होते. पालथे झाले तर सरळ होणे कठीण, म्हणून पहारेकरी सारखा ओरडत होता. मी फक्त हात बुडवले. पाणी तेलकट लागले आणि बोटावरची जुनी चीर अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आले.

अरबीत याला बहर लूत असेही म्हणतात. हजरत लूत (अलै.) यांच्या कौमच्या वस्त्या याच भागात होत्या, असे बहुतेक मानतात. कुरआनने जागेचे नाव दिलेले नाही. मात्र सूरह साफ्फातमध्ये मक्कावासीयांना म्हटले आहे की तुम्ही सकाळी आणि रात्री त्यांच्या वस्त्यांवरून जाता. तबूकच्या प्रवासात प्रेषित (स.) समूदच्या उजाड वस्तीवरून डोके झाकून घाईने गेले होते, ही हदीस अम्मीला ठाऊक. तिचे म्हणणे मला खोडता आले नाही, आणि मुलाला पाण्यातून बाहेर बोलावणेही जमले नाही.

परतताना ड्रायव्हरने उंचावरची एक पांढरी रेघ दाखवली. त्याच्या लहानपणी पाणी तिथवर होते. आता पातळी दरवर्षी मीटरभर खाली जाते. इस्राईल, सीरिया, जॉर्डन या तिन्ही देशांनी नदीचे आणि तिच्या उपनद्यांचे पाणी आधीच वळवले आहे. वर पोटॅशसाठी समुद्राचेच पाणी मिठागरांत आटवतात. पाणी हटलेल्या काठाखाली मिठाचे थर विरघळतात आणि जमीन अचानक खचते. असे खड्डे हजारोंनी झाले आहेत.

अम्मी तसबीह थांबवून ऐकत होती. "त्या कौमवर आलं ते अल्लाहकडून आलं. हे पाणी कुणी नेलं?"

"लोकांनीच. शेतीला, प्यायला."

ती काही बोलली नाही. अम्मान जवळ आले तशा गच्च्यांवरच्या टाक्या दिसू लागल्या, घरटी दोन-दोन, तीन-तीन. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, आठवड्याचे साठवावे लागते. अम्मी खिडकीला कपाळ टेकून टाक्या मोजत बसली.