चाळीस टक्के पाय

माझा मोठा भाऊ लातूरच्या आडत बाजारात हमाल. डिसेंबर २०२२ मध्ये माळेगावच्या खंडोबाची यात्रा करून मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून तो परत निघाला आणि लोहा तालुक्यातच, नांदेड-लातूर महामार्गावर, मागून टेम्पोने धडक दिली. उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली, गुडघ्याच्या सांध्याचा चुरा झाला. पहिले उपचार नांदेडला झाले, रॉड-प्लेटचं ऑपरेशन लातूरला. मी नांदेडला नोकरीला, म्हणून कागदांमागे पळणं माझ्याकडे आलं.

केसपेपरपासूनच अडलं. दादाला दवाखान्यात पोचवणाऱ्या वाटसरूने घाईत ‘गाडीवरून पडला’ एवढंच सांगितलं आणि तेच लिहिलं गेलं. टेम्पोचा उल्लेखच नाही. त्यात घरचे सगळे दवाखान्यात, त्यामुळे पोलिसांत फिर्याद द्यायला आठवडा गेला. टेम्पो मागाहून गोवला, असं विमा कंपनीच्या वकिलाने याच दोन गोष्टींवरून मांडलं. आमच्या वकीलसाहेबांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा ‘रवी विरुद्ध बद्रीनारायण’ हा निकाल पुढे ठेवला. घरातलं माणूस जखमी असताना नातेवाईक आधी ठाण्यात धावतील अशी अपेक्षा धरता येत नाही. नुसत्या उशिरावरून खरा दावा फेटाळता येत नाही. घटनास्थळाचा पंचनामा आणि टेम्पोच्या तपासणीचा अहवालही आमच्या बाजूने बोलत होते.

अपघात नांदेड जिल्ह्यातला, पण जखमी राहतो किंवा कामधंदा करतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. साक्षीदार लातूरचे, म्हणून लातूर निवडलं. पेच मुदतीचा होता. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे. पाय कायमचा किती अधू झाला, हे डॉक्टर तेवढ्या वेळात सांगत नाहीत. उपचार संपावे लागतात. म्हणून अर्ज आधी लावला, अपंगत्वाचा दाखला नंतर पुराव्याच्या वेळी दिला.

दाखल्यात उजव्या पायाचं कायमचं अपंगत्व ४० टक्के लिहिलं होतं. उलटतपासणीत पहिलाच प्रश्न आला, “डॉक्टर, हे पायाचं झालं. सगळ्या शरीराचं किती?” डॉक्टर म्हणाले, “साधारण वीस.” माझ्या पोटात गोळा आला. कारण हिशेब वकीलसाहेबांनी आधीच समजावला होता. दादाचं वय ४२, महिन्याची कमाई १२,००० धरली तर वर्षाचे १,४४,०००. पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी त्यात २५ टक्के मिळवले की १,८०,०००. या वयाला गुणक १४, म्हणजे २५,२०,०००. कमाईतलं नुकसान यातलं वीस टक्के धरलं तर ५,०४,०००. साठ टक्के धरलं तर १५,१२,०००. औषधपाणी, वेदना, आजारपणात बुडालेली मजुरी यांचे पैसे वेगळे. पण पुढच्या सगळ्या आयुष्याची रक्कम त्या एका टक्क्यावर लटकलेली.

वकीलसाहेब शांत होते. ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की शरीर किती निकामी झालं ते डॉक्टरांनी सांगावं. कमाई किती बुडाली ते न्यायाधिकरणाने ठरवावं. हात गेला तर ड्रायव्हरचा किंवा सुताराचा धंदाच बसतो, कारकुनाची नोकरी टिकू शकते. त्यांनी डॉक्टरांना फेरतपासणीत एवढंच विचारलं, “हा माणूस उकिडवा बसू शकेल? ओझं घेऊन फळी चढू शकेल?” दोन्हीला उत्तर ‘नाही’ आलं.

मग टोळीच्या मुकादमाची साक्ष झाली. त्याने हातवारे करून सांगितलं: पन्नास किलोचं पोतं आकड्याने ओढायचं, गुडघ्यात वाकून पाठीवर घ्यायचं, फळीवरून ट्रकात चढायचं, थप्पी लावायची. “गुडघा वाकंना म्हणल्यावर त्याला टोळीत घ्यायचं कसं, साहेब?” कमाईचा पुरावाही हाताशी होता. दादाची १९६९ च्या माथाडी कायद्याखाली नोंदणी होती, त्यामुळे मजुरीची नोंद मिळाली. नोंद नसलेल्या मजुराची कमाई कोर्टाला अंदाजाने धरावी लागते.

२०२५ मध्ये निकाल लागला. कमाईतलं नुकसान साठ टक्के धरलं, अर्जाच्या तारखेपासून व्याज दिलं आणि बरीचशी रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगितलं. दादाला तेव्हा ते आवडलं नाही, वहिनीला आवडलं. सध्या तो एका आडतीवर पोती मोजून चिठ्ठ्या लिहितो, आधीच्या निम्म्याहून कमी पैशांत.

आता गावाकडचं कुणी दाखला घेऊन माझ्याकडे येतं आणि टक्का दाखवतं. मी आधी विचारतो, काम काय करत होता, आणि ते काम कोर्टात उभं राहून सांगेल असा माणूस कोण आहे?