काळ्या जमिनीवरील फुलपाखरे

निर्मलचे चित्र म्हटले की काळीभोर, चकचकीत जमीन आणि तिच्यावर उमटलेली सोनेरी नक्षी डोळ्यांपुढे येते. अंबरपेठेतील आमच्या बैठकीत असे एक चित्र आईच्या काळापासून आहे. दाट उपवन, लवलेल्या वेली आणि वेलींभोवती अकरा फुलपाखरे. त्यांतील एकही निसर्गात सापडावयाचे नाही. पंखांवर कोयऱ्या, कडांना पैठणीच्या काठासारखी वळणे. काही रसिक पाहुणे याला ‘शोभेची वस्तू’ म्हणून बाजूला सारतात. आम्हांस ते मान्य नाही. काळ्यातून रंग वर आणावयाचा तर रेषा ठाशीव आणि आकार ठरीवच ठेवावे लागतात.

हैदराबादहून नागपूरच्या वाटेवर सुमारे २०० किलोमीटरवर निर्मल लागते. तेथील नक्काश कारागिरांच्या चित्रांवर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची आणि मोगल लघुचित्रांची छाया आहे. यात नवल ते काय? अजिंठा, निर्मल आणि अंबरपेठ ही तिन्ही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होती. त्या वर्षी भाषेनुसार सीमा आखल्या गेल्या. अजिंठ्यासह मराठवाडा मुंबई राज्यात गेला, निर्मल आंध्र प्रदेशात आले, आणि आम्ही होतो तेथेच राहिलो. मूळ गाव कोणते, असे पुण्याचे सोयरे विचारतात तेव्हा आमची जीभ अजूनही अडखळते. तेलुगू कारागिराच्या हातून उतरलेल्या या उपवनात मात्र आईला आपले माहेरचे परसू दिसे. तिचे माहेर औरंगाबादकडचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडचे.

आता घर पाडून तेथे सदनिका उभ्या राहावयाच्या आहेत. परसातील कढीलिंब जाईल. त्याच्या पानांवर अंडी घालावयास पांढऱ्या ठिपक्यांची काळी फुलपाखरे येतात. (निर्मलच्या कारागिराला ती रंगवावयाची तर सोनेरीच करावी लागली असती.) चित्राचे काय, यावर आम्हां तिघा भावांत दोन बैठकी झाल्या. धाकट्याच्या मते ते विकावे. पुतण्या म्हणतो, नव्या पांढऱ्या भिंतीवर ते फार काळे दिसेल. आमचे म्हणणे एवढेच, की ते हैदराबादबाहेर जाऊ नये. थोरल्या वहिनींनी तूर्त ते आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून कपाटामागे उभे केले आहे.